तिच्या सीटवरची फुली

मी एक जुनी, चार दारांची, पांढरी गाडी आहे, मित्रांनो. पांढरी म्हणायचं एवढंच. रंग आता पिवळट झालाय, आणि मागचं एक दार हिसका दिल्याशिवाय लागत नाही. कारखान्यातून निघाले ती थेट आमच्या मालकांच्या दारात आले. मालक शिंपी. त्यांच्या लेकीला मी शाळेत पोचवलं, पुढे सासरीही पोचवलं. माझ्या सीटची कव्हरं मालकांनी स्वतः शिवली. शिवण संपली की कोपऱ्यात ते दोऱ्याची एक बारीक फुली घालतात. ती फुली मी दागिन्यासारखी मिरवली.

परवा सकाळी मालकांनी मला धुतलं, पुसलं. मी हरखले. मग कळलं, मला देऊन टाकून ते दुसरी घेणार आहेत! तरुणपणापासून त्यांना वेगवान गाडीचं वेड. आणि सवत बघायला त्यांना घेऊन कोण गेलं? मीच.

ती विकणाऱ्याच्या अंगणात उभी होती. लाल, बुटकी, रुंद टायरांची. त्यानं किल्ली फिरवली तशी ती अशी गुरगुरली, की माझ्या काचा थरथरल्या आणि मालकांचा चेहरा खुलला. माझ्या आवाजानं कधी खुलला होता? देवानं दिवे दिले ते रस्ता बघायला, पण मी आपली तिच्याकडेच बघत होते. पेट्रोल न पेटवता आतून जळत होते.

मालकीणबाई आणि त्यांचा गॅरेजवाला भाऊ बरोबर होते. भाऊ तिच्याखाली शिरला, तेल पाहिलं, टायर चाचपले. "दाजी, इंजिन झकास आहे!"

"हिच्यावर ओरखडासुद्धा उठलेला नाही," विकणारा म्हणाला.

मालक आत बसले. सवयीनं सीटच्या शिवणीवरून बोट फिरवत गेले आणि थबकले. दार उघडंच होतं, मलाही दिसलं. कोपऱ्यात बारीक फुली.

माझी फुली! तिच्या अंगावर! मेलीनं तेवढंही सोडलं नाही!

"अहो, काय झालं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"ही शिवण माझी आहे. मागे दुसऱ्याच एका गॅरेजातून कव्हर आलं होतं, कुत्र्यानं फाडलंय म्हणून. मी दुहेरी दोरा घालून जन्मात उसवणार नाही अशी शिवली."

भाऊ धडपडत बाहेर आला. "दाजी, ही शिवण पक्की करायची नसते हो! मागे एअरबॅग असते. बाजूनं धडक बसली की माणसाला वाचवायला ती फुगून शिवण फाडत बाहेर येते. म्हणजे कव्हर कुत्र्यानं नाही, एअरबॅगनं फाडलंय; ही जोरात ठोकलेली आहे. आणि आत नवी बसवली, तरी तुमच्या दोऱ्यातून ती येणार कशी?"

विकणारा आभाळ न्याहाळू लागला.

चला, सुटले, असं मला वाटलं. पण मालकांनी खिशातून कात्री काढली. "गाडी नको मला. पण हा टाका असा सोडून मी जाणार नाही. उद्या कुणाचं तरी लेकरू इथं बसेल."

"अहो, माझी सीट काय फाडताय?" विकणारा ओरडला.

"फाडत नाहीत, उसवताहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "कुत्र्यानं फाडलेली चालली ना तुम्हाला?"

मालक गुडघे टेकून एकेक टाका काढू लागले. किती जपून! माझा पुन्हा जळफळाट झाला. शेवटी शिवण उघडली. आत एअरबॅग नव्हतीच, नुसता फाटका फोम आणि पोकळी. मघा एवढी गुरगुरणारी ती बया आतून अशी! एवढा मार खाल्लेला, आणि वर लाल रंग फासून तिला उभं केलेलं. देवा, हिचा मी हेवा करत होते?

मालक परत माझ्यात येऊन बसले, तर मालकीणबाई म्हणाल्या, "परकीची शिवण गुडघे टेकून उसवलीत. घरच्या गाडीचं कव्हर कधीचं लोंबतंय, ते कधी शिवणार?"

मालकांनी ओशाळून माझ्या सुटलेल्या शिवणीवर हात ठेवला. "आजच," ते म्हणाले.

मित्रांनो, नवी गाडी बघायला जाल तेव्हा रंगाला भुलू नका, शिवणीपर्यंत बघा. आणि ज्या गाडीतून जाल, तिच्या सीटवरूनही एकदा हात फिरवा. ती बाहेर उभी राहून सगळं बघत असते.