लाल चिठ्ठी

कॅप्टन सूर्यकांतला त्या दिवशी दोन गोष्टी जिंकायच्या होत्या. एक, फौजी डॉक्टरांची अडथळ्यांची शर्यत, आणि दुसरे अण्णासाहेब. शर्यतीचं काय हो, भिंत चढायची, चिखल तुडवायचा, जखमी माणूस स्ट्रेचरवर घालून पळायचं. अण्णासाहेबांचं अवघड होतं. जन्मभर दिल्लीत सरकारी नोकरी करून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेला हा गृहस्थ, पण लेकीसाठी, देविकासाठी, जावई हवा मल्टिनॅशनलमधला! गुडगावात काचेचं ऑफिस, कमरेला पेजर, असं एक स्थळही त्यांनी हेरून ठेवलं होतं. "सरकारी पगारात काय ठेवलंय?" असं ते पेन्शन खाऊन विचारायचे.

सूर्यकांतचं काम एकदा बघा तरी, म्हणून देविकानं त्यांना आणि आईला दिल्ली कँटोन्मेंटच्या मैदानावर आणलं. तिथंच घोटाळा झाला. प्रत्येक टीमला दोन खोटे जखमी लागत होते. पाहुण्यांपैकी कोणी झोपेल का, असं मेजरसाहेबांनी विचारलं आणि अण्णासाहेबांनी हात वर केला. सोबत आलेल्या हरीशरावांनाही ओढलं, ते ऑफिसात त्यांच्या हाताखाली होते. मेजरसाहेबांनी हरीशरावांच्या गळ्यात लाल चिठ्ठी अडकवली : बेशुद्ध, आधी उचला. अण्णासाहेबांच्या गळ्यात हिरवी : किरकोळ खरचटलंय, स्वतः चालत येईल.

खड्ड्यात आडवं झाल्यावर अण्णासाहेबांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"हरीश, तू सेक्शन ऑफिसर आणि सीरियस? मी अंडर सेक्रेटरी आणि मला खरचटलंय? प्रोटोकॉल काही आहे की नाही?"

चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. हरीशरावांना काय त्याचं! सकाळी कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कँटीनमध्ये मिसळ हाणून आलेले. जानेवारीचं ऊन अंगावर आलं आणि ते गाढ झोपले.

शिट्टी वाजली. सूर्यकांत आपली पोरं घेऊन खड्ड्यात उतरला, तर समोर होणारा सासरा, गळ्यात लाल चिठ्ठी आणि तोंडाचा पट्टा चालू.

"अहो कॅप्टन, किती उशीर! आणि बुटाची लेस बघा तुमची. चलो, उचला मला."

सूर्यकांतनं चिठ्ठी वाचली. यांना उचललं तर लग्नाचं जमलंच म्हणा. चिठ्ठीही तेच सांगत होती. पण इतकं बोलणारा माणूस बेशुद्ध? कपाळ! शेजारी हरीशरावांना हाका मारल्या, चिमटा काढला, तरी हूं नाही की चूं नाही. दिल्लीच्या चार्टर्ड बसमध्ये रोज झोपणारा माणूस चिमट्यानं थोडाच उठतो!

"आधी यांना घ्या," सूर्यकांत म्हणाला. म्हणताना त्याला रडूच यायचं बाकी होतं. "सर, तुम्ही मागून चालत या."

"लाल चिठ्ठी माझ्याकडे आहे! मी तक्रार करीन!"

भिंतीच्या माथ्यावर हरीशरावांना जाग आली. "आयटीओचा स्टॉप आला का?" त्यांनी विचारलं, आणि खाली बघून जी बोंब ठोकली ती सगळ्या मैदानानं ऐकली. टीम सगळ्यांच्या आधी पोचली. पण नियम असा, की दुसरा जखमी आल्याशिवाय वेळ थांबायची नाही. अण्णासाहेब काही खड्ड्यातून हलले नाहीत. सूर्यकांतची टीम शेवटची आली.

पोरं हरीशरावांना पाणी पाजत होती, तेव्हा सूर्यकांत एकटाच स्ट्रेचर ओढत परत गेला.

"सर, शर्यत संपली. उठा."

"तुमची संपली. माझी केस पेंडिंग आहे."

देविकानं कपाळावर हात मारला, ओढणी कमरेला खोचली आणि स्ट्रेचरची मागची बाजू धरली. अण्णासाहेबांचं वजन काय सांगावं महाराजा! दोघं फेंगडत निघाली, आणि वरून यांची बडबड : डावीकडे, हळू, देविका, पाठ सरळ ठेव.

चिखलापाशी बडबड एकदम थांबली.

सूर्यकांतनं स्ट्रेचर चिखलातच टेकवलं, गुडघ्यावर बसला, मनगट धरलं. "अण्णासाहेब! अण्णा! बोला ना!" आवाज पार फाटला होता त्याचा.

अण्णासाहेबांनी एक डोळा उघडला.

"गप्प झालो तर थांबतोस का, ते बघत होतो," ते म्हणाले. मग कुंपणापाशी घाबरून उभ्या असलेल्या बायकोकडे मान वळवून ओरडले, "अलका! त्या पेजरवाल्याला कळव, जागा भरली."