लीलाबाई आणि न झोपणारं मशिन

साल एकोणीसशे नव्याण्णव. तासगावात बेदाण्याच्या शेडा भरत होत्या, आणि बसस्टँडमागच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मालक नानासो कमरेवर हात ठेवून कॉम्प्युटरपुढे उभे होते.

“बाई, परत उठलं की वो ह्ये.”

आत्ताच काळा झालेला पडदा पुन्हा उजळत होता. आतला पंखा घरघरत होता. लीलाबाईंनी नीट, सांगलीला शिकल्याप्रमाणे मशिन बंद केलं होतं. शिकायला येणाऱ्या मुली घरी गेल्या, मशिन बंद झालं आणि पुन्हा चालू झालं. वर्ग सुरू झाल्यापासून, गेले दोन आठवडे रोज संध्याकाळी हेच. मग सरळ वायर उपटायची, आणि सकाळी मशिन निळा पडदा दाखवून तक्रार करायचं, की मला नीट बंद केलेलं नाही.

“तुमीच काय तरी उलटं दाबताय,” नानासो म्हणाले.

“दुपारी तुमच्यादेखत बंद केलं तेव्हा झालं की नीट.”

“मग संध्याकाळीच का उठतंय? भूत हाय का त्यात?”

तासगावातल्या निम्म्या तलाठ्यांची आणि ग्रामसेवकांची बोटं लीलाबाईंनी वळवलेली होती. करंगळी चुकली की पट्टी बसायची. पण आता टायपिंगला कुणी येईना. सगळ्यांना कॉम्प्युटर हवा होता. नानासोंनी बेदाण्याच्या पैशातून एक आणला, तेव्हा पन्नाशीच्या लीलाबाई रोज एसटीने सांगलीला जाऊन शिकून आल्या. सुरुवातीला त्या माऊस असा धरायच्या, की पडद्यावरचा बाण भिंगरीसारखा फिरायचा. तरी शिकल्या.

आणि आता हे.

नानासोंनी उपाय कमी केले नाहीत. टेबलाचं तोंड फिरवलं. विजेचा बोर्ड बदलला. दारावर लिंबू-मिरची बांधली. त्याने फक्त मुली हसल्या. शेवटी एके दिवशी ते खाली बघत म्हणाले, “बाई, सोमवारपास्नं सांगलीचा मास्तर ठेवावा म्हंतोय. तुमी टायपिंगचं बघा.”

टायपिंगचं बघायला दोनच मुलं उरली होती. लीलाबाई घरी गेल्या आणि भाकरी थापता थापता परातीतच पीठ विसरल्या.

सांगलीहून दुरुस्तीला बुद्धभूषण यायचा. एसटी वर्कशॉपातल्या मेकॅनिकचा मुलगा, हसतमुख, खिशाला कायम स्क्रू ड्रायव्हर. तो दोनदा येऊन गेला होता. त्याने मशिन उघडलं, धूळ झाडली, बटण बदललं, आतलं सगळं सॉफ्टवेअर नव्यानं भरलं. भर दुपारी दहा वेळा बंद केलं, दहाही वेळा मशिन गुमान झोपलं. एकदा तर चादरीत गुंडाळून सांगलीला नेलं. तिथेही चार दिवस गुणानं राहिलं. परत आलं त्या संध्याकाळी पुन्हा उठलं.

“माहेरी नीट वागतंय, सासरी आलं की रुसतंय,” तो म्हणाला.

शनिवारी तो तिसऱ्यांदा आला. दरवेळी तो चारच्या एसटीने परत जायचा. त्या दिवशी मात्र त्याने नानासोंना सांगितलं, “आज संध्याकाळ बघूनच जातो. रुसवा कसा असतो ते तरी कळू दे.”

“बघ गड्या. आज न्हाई जमलं तर सोमवारी मास्तर येतोय,” नानासो म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत गेले.

मुली गेल्या. बुद्धभूषण कोपऱ्यात चहाचा कप घेऊन बसला. “बाई, मी न्हाईच असं समजा. रोजच्यासारखं आवरा.”

लीलाबाई आवरू लागल्या. पहिल्या टाइपरायटरवरची धूळ पुसली, उजवा तळवा बटणांवर टेकवला, कपाळाला लावला, वर कापडी झाकण घातलं. मग दुसरा. मग तिसरा. सगळे झाल्यावर कॉम्प्युटर. माऊसने बंद केला. पडदा काळा झाला, घरघर थांबली. लीलाबाईंनी कीबोर्डवर तळवा टेकवला, कपाळाला लावला.

मशिन उठलं.

बुद्धभूषणने कप खाली ठेवला. “बाई, आत्ता काय केलं तुमी?”

“काय केलं? बंद केलं.”

“त्याच्यानंतर?”

“नमस्कार केला.” त्या गोंधळल्या. “दिवसभर शिकवतं ते आपल्याला. करायचा नाही?”

बुद्धभूषण एवढ्या मोठ्यानं हसू लागला की नानासो धावत आले.

“आवं बाई, ह्याच्यात एक सोय हाय. कुठलंबी बटण दाबलं की ह्ये झोपेतनं उठतं. तुमी झोपलेल्याच्या पाया पडताय, मग ते आशीर्वाद द्यायला उठणारच की!”

नानासो डोळे पुसत खुर्चीत बसले. लीलाबाईंना कळेना हसावं का लाजावं. मग त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून.

“ती सोय काढून टाकू का?” बुद्धभूषणने विचारलं. “दोन मिनिटांचं काम हाय. नमस्कार सोडू नका. आमचे वडीलबी पाना ठेवताना कपाळाला लावतात.”

लीलाबाईंनी विचार केला. “नको काढू, बाळा. संध्याकाळी मी नमस्कार आधी करीन, मग बंद करीन. आणि सकाळी नमस्कारानंच उठवीन.”

“आन मास्तराला मी काय सांगू?” नानासो म्हणाले, आणि स्वतःच उत्तर दिलं, “सांगतो, आमचं मशिन बाईंच्या हातानंच उठतंय.”

सोमवारी मुली आल्या तेव्हा लीलाबाईंनी खटका लावला, कीबोर्डवर तळवा टेकवला आणि मशिन जागं झालं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती जादूच वाटली, आणि बाईंनीही बरेच दिवस ती तशीच राहू दिली.

पुढे बुद्धभूषणने सांगलीत स्वतःचं दुकान टाकलं. आलेल्या गिऱ्हाइकाला तो आधी विचारायचा, “बंद केल्यावर काय करता?” नानासोंनी त्या खोलीत दहा कॉम्प्युटर बघितले आणि मगच देवाघरी गेले. त्या मुली बँकांत, शाळांत, पुण्याला पांगल्या. त्यातल्या काही, म्हणे, अजून कीबोर्डला हात लावून कपाळाला लावतात.

ते पहिलं मशिन भंगारात निघालं तेव्हा न्यायला बुद्धभूषणच आला. केस पिकलेला, चष्मा लावलेला. त्याने वायरी काढून गुंडाळल्या. लीलाबाई काठी टेकत मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी कीबोर्ड पदरानं पुसला, तळवा टेकवला, कपाळाला लावला आणि पडद्याकडे बघत थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

वायरी काढल्यात हे बुद्धभूषणला ठाऊक होतं. तोही पडद्याकडेच बघत होता.