एकाच बाजूची पट्टी

रविवारची दुपार म्हणजे त्या घरात प्रयोगांची वेळ. बाबा ग्रंथालयात कामाला, त्यामुळे पुस्तकांना तोटा नव्हता. शनिवारी ते एखादं पुस्तक काखोटीला मारून आणायचे आणि रविवारी जेवणं आटोपली की त्यातला एक खेळ टेबलावर मांडायचे. नऊ वर्षांची लेक शेजारी खुर्चीवर गुडघे टेकून तयार. तिला घरात शंकाबाई म्हणत, आणि ते नाव तिने स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं.

प्रयोग पुष्कळदा फसायचे. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगायला हवं होतं, ते तळाशी ऐटीत बसून राहिलं. बाबांनी दोनदा पान तपासलं आणि म्हणाले, "यात तर तरंगतंय!" पुराणातली वांगी पुराणात, दुसरं काय! पण बापलेक मजेत असत.

आई त्याच खोलीत, खिडकीशी, शिलाई मशीनवर. टेबल तिथून जेमतेम पाच पावलांवर, पण ती पाच पावलं तिने कधी टाकली नव्हती. लेक लहान असताना एकदा विचारायला आली होती, "आई, साबणाचं बोट लावलं की दुधावरचे रंग का पळतात गं?" आईचं शिक्षण गणितापाशी अडलं होतं. पोटच्या पोरीसमोर 'माहीत नाही' म्हणायची तिला लाज वाटली, म्हणून ती म्हणाली, "बाबांना विचार." दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. मग पोरगी यायचीच थांबली.

आणि परवा दाराशी मैत्रिणीला सांगत होती, "आईला नाही यातलं कळत. ती फक्त शिवते." पोरीच्या मनात काही नव्हतं. पण ते 'फक्त' आईच्या मनात सुईसारखं रुतून बसलं.

आज हात एका स्कर्टच्या कमरपट्टीवर चालत होते आणि मन टेबलाकडे होतं. पडद्यातून आलेलं ऊन कापडावर सांडलं होतं. मशीनच्या त्या घरघरीवर कधीकाळी ही शंकाबाई तिच्या पायाशी झोपायची, पायडलच्या तालावर तिचा श्वास चालायचा. आता ती इतकी जवळ होती आणि तरी किती लांब गेली होती. आईची तंद्री लागली. त्या तंद्रीतच तिने पट्टीची दोन टोकं जोडून गोल कडं केलं, टीप मारली आणि मधोमध खडूची रेघ ओढू लागली. कडं फिरत होतं, रेघ सरकत होती. बराच वेळ सरकत राहिली. शेवटी सुरुवातीला येऊन मिळाली, तेव्हा तिने कडं उलटून पाहिलं. आतल्या बाजूलाही रेघ!

जोडताना पट्टीला एक पीळ पडला होता. वीस वर्षं शिवतेय आणि शिकाऊ पोरीसारखी चूक! कुणी पाहायच्या आत उसवून टाकावं म्हणून तिने ब्लेड उचललं.

"दोन्हीकडून रेघ का मारलीस?" पाणी प्यायला उठलेली शंकाबाई मागे उभी होती.

"नाही मारली गं. एकाच बाजूने मारली. उचललासुद्धा नाही खडू."

"असं कसं होईल?" पोरीने कड्यावर बोट ठेवलं आणि रेघेवरून चालवत नेलं. बोट बाहेरून आत गेलं, आतून बाहेर आलं, कुठेही कड न ओलांडता. तिचे डोळे हे एवढे झाले. "बाबा! या पट्टीला एकच बाजू आहे!"

बाबा चष्मा सावरत आले. त्यांनीही रेघेवरून बोट फिरवून पाहिलं. मग कात्रीकडे बघत म्हणाले, "रेघेवरून कापलं तर दोन कडी होतील, बहुतेक."

"दोनच!" शंकाबाई म्हणाली.

आईने पट्टी बोटांत फिरवली. कापड कसं वागतं, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. "एकच राहील," ती हळूच म्हणाली.

"अगं, मधोमध कापल्यावर एक कसं राहील?" बाबा म्हणाले.

"कापा तर खरं."

कात्री करकर फिरली. शेवटचा धागा तुटला आणि पट्टी उलगडली. दुप्पट लांबीचं, पिळांनी भरलेलं एकच कडं! बाबा मटकन खुर्चीवर बसले. शंकाबाईने मात्र स्टूल ओढत आणलं, मशीनशेजारी, आईच्या गुडघ्याला गुडघा लावून. इतकी सुखी आई कित्येक दिवसांत झाली नव्हती.

"आणखी एक शिव. तसाच पीळ घालून." आईने शिवलं. "आता मधोमध नाही, काठाजवळून कापत गेलं तर? काय होईल, आई?"

बाबा पुस्तक चाळू लागले. पोरगी तिकडे पाहतही नव्हती. आईच्या ओठांवर जुनं उत्तर आलं. तिने ते गिळलं.

"मला नाही माहीत गं."

पोरीचा चेहरा आता पडेल, असं तिला वाटलं. पण पोरगी टुणकन उडाली. "मलाही नाही! कात्री तू धर, कापड मी फिरवते."

काठाकाठाने कात्री दोनदा फिरून आली आणि या खेपेला दोन कडी निघाली. एक मोठं, एक लहान, आणि लहान मोठ्यात अडकलेलं. शंकाबाईने ओढून पाहिलं, झटकून पाहिलं. कडी काही सुटेनात.

"उसवल्याशिवाय नाही सुटायची ती," आई म्हणाली आणि सवयीने ब्लेडकडे हात नेला.

शंकाबाईने तो हात धरला. "मग उसवू नकोस."