ब्रेकवरचा पाय

गाडी भंगारात जाऊन वर्ष उलटलं, तरी दादाचा पाय ब्रेकवरच होता. जेवताना, झोपेत, अगदी न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा तो जमीन दाबत राहायचा. उभा जन्म ड्रायव्हरकी केलेला हा माणूस आता कुठल्याच गाडीत पाऊल ठेवेना. म्हणून अपघातात त्याच्या शेजारी बसलेला आणि तेव्हापासून लंगडणारा धाकटा भाऊ दर आठवड्याला त्याला या धसक्यावरच्या उपचाराला पायीच नेई. पेशंट धडधाकट पायांचा आणि सोबती लंगडा! लोक हमखास उलटं समजत. हल्ली धाकट्याचा पाय सुजायचा. ते दिसलं की दादाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपण ब्रेक वेळेवर दाबला नाही, त्या घडीचं एवढंच त्याला आठवत होतं.

उपचार करणाऱ्या बाई फार बोलायला लावत नसत. "शरीराला जे करायचंय ते करू द्या," एवढंच म्हणत. पडद्यातून हिरवट ऊन झिरपायचं, पंखा संथ फिरायचा आणि दादा सतरंजीवर पडून इमानेइतबारे पाय दाबायचा. इथेच घोडं पेंड खात होतं. शरीराला काय करायचंय, ते त्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

आज मात्र त्याला गुंगीच आली. "पाय दमला असेल," बाई हळूच म्हणाल्या. "बाकीचं अंग काय म्हणतंय?"

पाय सैल पडला. खोली होडीसारखी डुलू लागली. समोरून अपघातातला तो ट्रक आला, पण आवाज न करता, सावकाश, जणू त्यालाही कसली घाई नव्हती. आणि दादाचा हात आपसूक उचलला गेला, शेजारच्या सीटकडे वळला आणि हवेत आडवा थांबला. त्याला थरथर सुटली, अंगभर पसरली आणि हळूहळू ओसरली. दादा त्या हाताकडे परक्यासारखा पाहत राहिला.

बाहेर फुटपाथवरच्या बाकावर धाकटा पाय चोळत बसला होता. दादाने त्याला हात आडवा करून दाखवला. "हा असा गेला. का, कुणास ठाऊक."

"कुणास ठाऊक काय? माझ्या छातीवर आदळला होता तो! बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. तू अडवलं नसतंस, तर मी काचेतून थेट बाहेर."

"मग कधी बोलला नाहीस ते?"

"तू गाडीचा विषय काढू देतोस का?"

दादाला रडू कोसळलं, भर रस्त्यात. धाकट्याने त्याला पोटभर रडू दिलं. मग दादाने नाक पुसलं, समोरून येणाऱ्या बसला हात केला आणि म्हणाला, "तू खिडकीपाशी बस."