साहेबांना थेट कार्ड

आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात एक मोठं मशीन आहे आणि त्याच्या पोटात सहा व्हर्च्युअल मशीनं. म्हणजे खरं मशीन एकच. सहा जणांना आपण स्वतंत्र आहोत असं वाटतं, एवढंच. हा गैरसमज टिकवून ठेवण्याचा मी पगार घेतो.

या सहांपैकी एकालाच ग्राफिक्स कार्ड थेट दिलेलं होतं, जबडेताईंच्या मशीनला. अपघातात जबडा गेलेल्या माणसासाठी त्या स्कॅनवरून नवा जबडा स्क्रीनवर घडवतात, मग तो थ्रीडी प्रिंटरवर छापून निघतो. मध्ये कुणी लुडबुड केली की चित्र अडखळतं, म्हणून कार्ड थेट. हे मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं. "त्यांना थेट, आणि मला नाही?" साहेबांना जबडे घडवायचे नव्हते. त्यांच्या सादरीकरणात हॉस्पिटलची इमारत गोल फिरते, ती अडखळायची. रुग्णहिताच्या दृष्टीने बाब गंभीरच. दोन आठवड्यांत नवं कार्ड आलं. जबडेताईंनी मागितलेली खुर्ची तीन वर्षं येतेय.

नवं कार्ड मी खालच्या स्लॉटमध्ये बसवलं. आता, थेट द्यायचं तर कार्ड एकटं जात नाही. मशीनने ज्या भागांना त्याच्या गटात टाकलंय ते सगळे सोबत जातात. वरच्या स्लॉटच्या गटात कार्डाशिवाय कुणी नव्हतं. खालच्यात कोण आहे हे बघायला दोन मिनिटं लागतात. मी जुनीच आज्ञा उचलली, "गटातलं सगळं दे", आणि फॉर्मवर "गट तपासला" पुढे टिक केली. माझ्यासारख्या हुशार माणसाला तपासायची गरज पडत नाही.

खालच्या गटात सगळ्यांचं मिळून एकुलतं नेटवर्क कार्ड होतं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला साहेबांनी पाहुण्यांसमोर आपलं मशीन चालू केलं, आणि बाकी पाचही जणांचं नेटवर्क त्यांच्या खिशात गेलं. जबडेताईंना तळघरातलं चित्र नेटवर्कवरूनच पोचतं. लगेच त्यांचा फोन.

"अरे, स्क्रीन गेली माझी! जबडा तयार आहे, सेव्हही केलाय, पण आत अडकलाय. दोनच्या आत छपाईला गेला नाही तर उद्या सकाळी ऑपरेशनला काय लावायचं?"

"ऑपरेशन पुढे ढकलता नाही येणार, ताई?"

"दोनदा ढकललंय. तीन महिने नळीतून जेवतोय रे तो माणूस."

माझ्या टेबलावरून मशीनमध्ये शिरता येईना. तळघरात जाऊन स्क्रीन जोडली, तर काळी. दोन्ही कार्डं वाटून टाकल्यावर मशीनकडे स्वतःसाठी चित्र काढायलाही काही उरलं नव्हतं. आता एक तर साहेबांनी त्यांचं मशीन बंद करायचं, नाहीतर मी सगळ्यांचंच. धावत वर गेलो. दाराशी पीए.

"साहेब पाहुण्यांत आहेत. मेल टाका."

"मेलच बंद आहे हो."

"मग आयटीला कळवा."

"मीच आयटी आहे!"

"मग तर प्रश्नच मिटला."

काचेतून साहेब दिसत होते. इमारत अगदी झोकात फिरत होती आणि पाहुणे माना डोलवत होते. घड्याळात एक पंचवीस. खोटं कशाला बोलू, मला नोकरीची भीती वाटली. मग ती नळी आठवली आणि त्या भीतीचीच लाज वाटली. पुन्हा तळघर गाठलं, बटण दाबून धरलं, नवं कार्ड उपसलं आणि मशीन परत चालू केलं. दोनला सहा मिनिटं असताना जबडा छपाईला गेला. वर इमारत अर्ध्या गिरकीतच विझली, असं नंतर कळलं.

चौकशी समितीपुढे मी सरळ सांगितलं, की न तपासता टिक केली, चूक माझी. आणि वरचा स्लॉट सुरक्षित आहे, खालचा नाही. समितीने इतकं लक्ष देऊन ऐकलं की मी भारावून गेलो. निर्णय आठवड्यात आला. वरचा स्लॉट सुरक्षित असल्यामुळे तो साहेबांना द्यावा. जबडेताईंचं कार्ड कपाटात ठेवावं. त्यांनी साहेबांचं मशीन मंगळवारी दुपारी वापरावं, साहेबांना काम नसल्यास.

ऑपरेशन नीट झालं. आठव्या दिवशी त्या माणसाने चमच्याने खाल्लं. हे सांगायला जबडेताईंनी फोन केला तेव्हा त्या रडत होत्या, आणि मलाही भरून आलं. मग त्या म्हणाल्या, पुढचा स्कॅन आलाय, शाळकरी मुलगी आहे, शनिवारी ऑपरेशन.

आज बुधवार आहे.