गौरजा बोलायची थांबली
तळेऱ्याच्या तिठ्यावर निलेशचं पाइप-नळांचं दुकान होतं. घर आणि मागची काजूची बाग समीक्षा बघायची. एकुलती मुलगी गौरजा नववीत गेली आणि स्वतःच्या डोक्याचे केस उपटू लागली. बघता बघता भांगाशेजारी रुपयाएवढी जागा उघडी पडली. शाळा बुडू लागली. निलेशने ओरडून पाहिलं, देवळात गाऱ्हाणं घातलं. शेवटी वर्गशिक्षिकेनेच कणकवलीच्या समुपदेशक अनुजा मॅडमचं नाव सुचवलं.

समीक्षाने गौरजाला सांगितलं, "डोळे तपासूक जावया." कणकवलीत 'समुपदेशन केंद्र' ही पाटी वाचल्यावर पोर जिन्यातच थांबली. "आई, डोळ्यांचो डॉक्टर खंय आसा?" समीक्षाने हाताला धरून तिला वर नेलं.

अनुजा मॅडमनी दोघींना बसवलं. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या, पण जे बोलल्या ते स्पष्ट. "पुढच्या वेळी कुठे चाललोय ते तिला खरं सांगून आणा. इथे ती जे बोलेल ते माझ्यापाशी राहील. तिच्या जिवाला धोका असेल, तरच तुम्हाला सांगेन, आणि तेही तिला कळवून. घरी गेल्यावर काय बोललीस म्हणून विचारू नका. वेळ लागेल. आणि एकदा तिच्या बाबांनाही घेऊन या."

समीक्षाने मान डोलावली. रात्री निलेशला तसं सांगितलं, तर तो ताटावरून नजर न उचलता म्हणाला, "माका कित्याक? माका काय झालाहा?"

तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर गौरजात फरक पडू लागला. एसटीत खिडकीशी बसून ती आपणहून बोलायची: शाळेमागच्या कुत्रीला पिल्लं झाली, गणिताच्या सरांनी मिशी काढली. डोक्यावर बारीक काळे कोंब दिसू लागले. समीक्षाला बरं वाटायचं, आणि त्याच वेळी हेवाही वाटायचा. आपल्यापाशी मनातलं एक अक्षर न बोलणारी पोर परक्या बाईपाशी तासभर काय बोलते? वर निलेशचं रोजचं सुरू होतं. "घरातला भायर सांगत असतली. इचार तिका."

एके दिवशी कणकवलीच्या स्टँडसमोर तिने गौरजाला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "मॅडमना काय सांगतंस गो? मी कोणाक सांगूचंय नाय. पप्पांका तर नायच."

गौरजाने बराच वेळ चमचा फिरवला. मग म्हणाली, "पप्पांची गाडी भायर पडली काय माका मोकळो श्वास गावता. आणि तू रात्री रडतंस ना, तेवा माका झोप येणा नाय. तू कायतरी करून घेशीत असा वाटता. म्हणून मी जागी रवतंय."

समीक्षाने तिला जवळ ओढलं. पोरही तिला चिकटून बसली. इतक्या वर्षांत अशी चिकटली नव्हती.

आठवडाही गेला नाही. आमटीत मीठ जास्त झालं, एवढंच निमित्त. निलेश बोलत सुटला: तिच्या माहेरावर, तिच्या आळसावर, "पोरगी तुझ्यामुळाच येडी झाली" इथपर्यंत. समीक्षा ऐकत होती. मग तिच्या तोंडून सुटलं, "माझ्यामुळा? तुमची गाडी भायर पडली काय तिका श्वास गावता. तिनाच सांगितल्यान माका."

निलेश उठला आणि गौरजा अभ्यासाला बसली होती त्या आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. "माका घराभायर काढूचा आसा तुका? त्या बायेकडे जाऊन ह्याच शिकतंस?"

गौरजा बापाकडे बघत नव्हती. त्याच्या खांद्यावरून ती आईकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. कोणीतरी चुकीचा पत्ता सांगितल्यावर माणूस बघतं, तशी बघत होती.

त्यानंतर दोनदा ती कणकवलीला गेली आणि तासभर गप्प बसून आली. समीक्षाने अनुजा मॅडमना सगळं सांगितलं, रडली, म्हणाली, "तुम्ही तिला समजवा ना." मॅडम म्हणाल्या, "मी इथे आहे. पण मला सांगितलेलंही फिरून घरी पोचेल, असं आता तिला वाटतं. हा विश्वास परत बसायला फार वेळ लागेल. आणि तुम्हा दोघांना यावं लागेल, तिच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी."

निलेशने ऐकलं आणि गौरजाचं कणकवलीला जाणंच बंद केलं. "आता ओरडत नाय, रडत नाय, शाळेत जाता. बरी झाली ती."

खरंच, बाहेरून बघणाऱ्याला ती बरी झालीच होती. केस भरून आले. दहावी, बारावी चांगल्या गुणांनी सुटली. पाहुणे म्हणायचे, किती शांत आणि समजूतदार मुलगी. कोल्हापूरच्या कॉलेजात गेल्यावर रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "जेवलंय. बरी आसंय. पप्पा बरे मा?" आणि फोन ठेवायची.

दिवाळीत ती घरी आली तेव्हा हातावर सलाइनचे काळे डाग होते. समीक्षाने खोदून विचारलं, तेव्हा कळलं: डेंग्यू झाला होता, आठवडाभर दवाखान्यात होती. मैत्रिणींनी बघितलं.

"आणि माका सांगूक नाय तू?"

गौरजा बॅगेतले कपडे काढून घडी घालत होती. तिने हात थांबवला नाही. "तुका सांगून काय करूचा होता, आई?" असं अगदी सरळ, कसलाही टोमणा नसलेल्या आवाजात म्हणाली, आणि ओढणीची टोकं जुळवू लागली.

समीक्षा दाराला टेकून उभी राहिली. मग बॅगेतला एक कुडता उचलून तीही घडी घालू लागली.