सही आधी, औषध मागून

चांदा शहरातल्या घुटकाळ्यात इमामबक्ष तराजूवाले राहत. त्यांनी घडवलेली दांडी रतीभरही झुकत नसे, म्हणून मूल-नागभीडचे धानाचे व्यापारी गाडी जुंपून त्यांच्या दारी येत. इमामबक्षांचे चिरंजीव हैदरअली. त्यांनी कुलपे आणि शिवणयंत्रे दुरुस्त करण्यात आयुष्य घालवले. हैदरअलींचे चिरंजीव शफी. त्याने टाइपरायटर हाती घेतले, आणि कोर्टापासून कलेक्टर कचेरीपर्यंत एकही यंत्र असे उरले नाही ज्याच्या पोटात शफीचा पेचकस शिरला नाही. या शफीची थोरली मुलगी रुबीना. घराण्यात कॉम्प्युटरवर बसणारी ती पहिली, आणि घराण्यावरचे ऋण लहानपणापासून ऐकत मोठी झालेलीही तीच.

ऋण पैशाचे नव्हते. एक्क्याण्णव साली गुणवंतरावांची, म्हणजे सगळ्यांच्या भाऊंची, टंकलेखन संस्था होती आणि सरकारी परीक्षेचे केंद्र तिथे भरत असे. परीक्षेआधी शफीने चाळीस यंत्रे साफ केली आणि घाईत चार यंत्रांच्या स्प्रिंगा सैल सोडल्या. परीक्षेत चार मुलींचे कागद बिघडले, चौघींचे वर्ष बुडाले. परीक्षकाने भरल्या खोलीत विचारले, "यंत्रे कोणी उघडली?" शफी दाराशीच उभा होता. त्याच आठवड्यात कचेरीतल्या यंत्रांचे काम त्याला मिळायचे होते. गुणवंतरावांनी एकवार त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मी उघडली." त्यांचे केंद्र तीन वर्षे बंद राहिले. शफीने तोंड उघडले नाही.

या गोष्टीला सोळा वर्षे झाली. टंकलेखन गेले, कॉम्प्युटरचे क्लास आले, आणि गुणवंतरावांच्या त्याच जागेत नऊ माणसांचे सॉफ्टवेअरचे ऑफिस उभे राहिले. ते बुडत होते. मूलच्या एका राइस मिलसाठी वर्षभर खपून केलेले काम मालकाने एका दुपारी नाकारले. नागभीडच्या एका संस्थेने तेच केले. दोघांचे म्हणणे एकच होते, की आम्हाला हे नको होते. तेव्हा रुबीना हैदराबादला एका मोठ्या कंपनीत होती. शफीने तिला फोन केला. "बेटा, भाऊचं ऑफिस बुडून राह्यलं. तुले काही येत असन तं ये."

ती आली. सोबत तिथे शिकलेल्या पद्धती घेऊन आली. लीन आणि अजाईल अशी त्यांची नावे. नावांना गुणवंतराव हसले, परंतु ऐकून घेतले. काम एकदम वर्षाचे करायचे नाही, पंधरा दिवसांचा तुकडा करायचा आणि ज्याच्यासाठी केले त्याला दाखवायचा. भिंतीवर तीन रकाने आखायचे, 'करायचं', 'चालू' आणि 'झालं'. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, आणि ती सरकवत न्यायची. रोज सकाळी दहा वाजता सर्वांनी उभ्याने बोलायचे, म्हणजे भाषण लांबत नाही. आणि भिंतीशेजारच्या खिळ्यावर लाल फडके. चूक दिसली की ते कोणीही, अगदी कालच लागलेल्या मुलीनेही, रकान्यांवर अडकवून टाकायचे. मग सगळ्यांनी हातचे काम सोडून ती चूक आधी निस्तरायची.

या पद्धतीने धरलेले पहिले काम साधे नव्हते. मुलचेऱ्याच्या एका धर्मादाय दवाखान्याची जंगलात बारा केंद्रे होती. कोणत्या केंद्रात सर्पदंशावरच्या लसीच्या किती कुप्या आहेत हे दवाखान्याच्या फोनजवळच्या पडद्यावर दिसायला हवे होते. गावातून फोन आला की नर्सने पडदा पाहून सांगायचे, अमुक केंद्रात जा, तिथे लस आहे. दवाखान्याच्या प्रमुख नीलाबाईंनी तारीख दिली होती एक जून. गुणवंतरावांनी शब्द दिला होता. हे तिसरे काम गेले तर ऑफिसला कुलूप लागणार हे नऊही जणांना ठाऊक होते.

दहा आठवडे चिठ्ठ्या सरसर 'झालं'कडे धावल्या.

"प्रफुल?" रुबीना विचारी.

"झालं, ताई."

"रीता?"

"झालं."

"जिशान?"

"झालंच समजा."

मधोमध, हात पाठीमागे बांधून, गुणवंतराव उभे असत. "शाब्बास! हे फडकं तं काही कामाचं दिसत नाई. टेबल पुसाले घेऊन टाका." सगळे हसत. रुबीनाही हसे, पण त्या फडक्याकडे पाहत राही. हैदराबादला एका पंधरवड्यात चारदा काम थांबत असे. इथे दहा आठवड्यांत ते फडके एकदाही खिळ्यावरून हलले नव्हते. इतकी निर्दोष माणसे तिने कुठेच पाहिली नव्हती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तिने प्रफुलला चहाच्या टपरीवर गाठले. साठ्याचा सगळा हिशेब मूल गावच्या या मुलाने लिहिला होता.

"खरं सांग. सगळं झालं?"

प्रफुल कपात पाहत राहिला. "ताई, भाऊ तिथी उभे राह्यते. त्यांच्यासमोर 'नाई झालं' कसं म्हणाव? माह्या बहिणीच्या लग्नात मांडव त्यांनी टाकून दिला होता."

"अरे, पण त्यासाठीच तर उभं राहायचं!"

"तुमच्या हैदराबादले असन. इथी मोठा माणूस समोर असला का सगळं झालेलंच राह्यते." तो हसला, मग हसणे आवरून म्हणाला, "एक विचारू? सही म्हंजे माल आला, असंच धरलं मी. बरोबर ना?"

"कोणाला विचारलंस?"

"कोणाले विचारू? बाईनं रजिस्टर पाठवलं, त्यात सही आहे. अजून काय पाह्यजे?"

रुबीनाच्या हातातला चहा तसाच थंड झाला. जिथे काम वापरले जाणार तिथे जाऊन डोळ्यांनी पाहायचे, हा त्या पद्धतीचा पहिला पाठ. पहिल्याच पंधरवड्यात तिने जायचे काढले होते, तेव्हा गुणवंतराव म्हणाले होते, "बाई सगळं सांगते. जंगलात कशाले जाता?" आणि ती गप्प बसली होती. ज्यांचे घरावर ऋण, त्यांचा शब्द ती कशी मोडणार? तिने दुसऱ्या दिवशीची सुट्टी मागितली, आईची, कनीजची, तब्येत बरी नाही म्हणून, आणि पहाटेची मुलचेऱ्याची बस धरली.

आष्टीनंतर बस अर्धी रिकामी झाली. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बंगाली बाया मुलचेऱ्याला उतरल्या. तिथून दवाखान्याच्या पोचू नावाच्या निरोप्याने तिला सायकलवर डबलसीट एका केंद्राकडे नेले. वाटेत तीन कोरडे नाले लागले. तिसऱ्याच्या काठावर झाडाच्या बुंध्याला तिच्या डोक्याहून वीतभर उंच चिखलाची रेघ होती.

"हे काय?"

"मागच्या सालचं पाणी," पोचू म्हणाला आणि पायडल मारू लागला.

केंद्र म्हणजे दोन खोल्या. आरोग्यसेवक वारलू पन्नाशीचा, शांत. रुबीनाने पिशवीतून छापील कागद काढला. "वारलूभाऊ, कागद म्हणतो तुमच्याकडे दहा कुप्या आहेत."

"बरोबर आहे."

"पाहू द्या."

वारलूने कपाट उघडले. खणात जुने वर्तमानपत्र अंथरलेले होते. त्यावर काही नव्हते.

"कुठे आहेत?"

"मुलचेऱ्याले, गोदामात."

"पण ही सही तुमची!"

"माहीच. मेच्या मिटींगले चार महिन्याच्या औषधाची सही होऊन जाते. बारा जणं एकाच दिवशी करून टाकतो, म्हंजे बाईचा कागद पक्का. औषध मंग गाडी भेटन तसं आणतो."

"आणि पाऊस आधी लागला तर?"

"तं नाला उतरला का पोचू डोक्यावर आणते."

"तोपर्यंत कोणाला साप चावला तर?"

वारलूला प्रश्नाचे नवल वाटले. "आम्हाले माहीत राह्यते ना ताई, इथी नाई म्हणून. नर्सबाईलेही माहीत राह्यते. ते सरळ मुलचेऱ्यालेच बोलावते. कागदावर कोण जाते!"

रुबीना रिकाम्या कपाटासमोरच उभी राहिली. कागद खोटा होता, आणि इतकी वर्षे कोणी मेले नव्हते, कारण तो खोटा आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. एक जूनपासून नर्स नवी येणार होती. ती पडदा पाहणार होती. पडदा म्हणणार होता, दहा. चावलेल्या माणसाला खाटेवर घालून लोक जंगलात उलटे आत येणार होते, या रिकाम्या कपाटापर्यंत, आणि पाठीमागे नाला भरणार होता.

"मागच्या पावसाळ्यात साप चावलेले किती आले?" तिने विचारले.

"सतरा," वारलू म्हणाला.

संध्याकाळी तिने शफीला सगळे सांगितले. "अब्बा, उद्या नीलाबाई स्वतः पाहायला येणार आहेत. मी त्यांच्यासमोर बोलले तर भाऊंचा शब्द जातो आणि ऑफिसही जातं. आपल्या घराने त्यांना आणखी किती बुडवायचं?"

शफी म्हणाला, "तू बोलशीन, तं ते म्हणतीन चूक माही. आदत आहे त्यांची."

"मग?"

"मंग काय. सोळा साल मी एकच सोचून राह्यलो. मले फक्त दोन शब्द बोलाचे होते." तो उठून आत गेला. बोल असेही म्हणाला नाही, आणि नको असेही नाही.

नीलाबाई बरोबर दहाला आल्या. वय सत्तरीच्या पुढे, हातात छत्री, नजर अशी की उभा माणूस आपोआप सरळ होई. त्यांना खुर्ची दिली. गुणवंतरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

"चला," ते म्हणाले, "बाईले दाखवा."

"झालं," प्रफुल म्हणाला.

"झालं," रीता म्हणाली.

"झालं," जिशान म्हणाला.

सर्वांनी रुबीनाकडे पाहिले. भिंतीपर्यंत चार पावले होती. ती चालली कशी हे तिला पुढे कधीच आठवले नाही. तिने फडके खिळ्यावरून काढले आणि तिन्ही रकान्यांवर टाकले.

"हा काय प्रकार आहे?" नीलाबाईंनी विचारले.

"चूक सापडली की हे टाकायचं, बाई. मग सगळ्यांनी थांबायचं."

"उद्या सुरू करायचं आहे."

"उद्या सुरू केलं तर माणूस मरेल."

रुबीनाने कपाट सांगितले, सही सांगितली, नाला सांगितला. सांगताना ती गुणवंतरावांकडे पाहू शकली नाही.

"चूक कोणाची?" नीलाबाईंनी विचारले.

गुणवंतराव पुढे झाले. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज ठाम होता. "माही, बाई. काम माह्या नावावर, चूक माही."

"नाही!" रुबीना म्हणाली.

त्या खोलीत दहा आठवड्यांत उच्चारलेला तो पहिला नकार होता. गुणवंतरावांची मान वळली.

"भाऊंची नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही, तर त्यांना कळणार कसं? केंद्र आधी पाहायचं असतं हे मला माहीत होतं. मी गेले नाही. भ्याले. आणि गेले तेव्हाही खोटं बोलून गेले."

प्रफुल खाली मान घालून म्हणाला, "सही म्हंजे माल, हे मी धरलं. विचारलं नाई."

"माह्या दोन चिठ्ठ्या झाल्या नाई," रीता एकदम म्हणाली आणि रडू लागली. जिशान पुढे आला, फडक्याखाली हात घालून आपली एक चिठ्ठी काढली आणि पहिल्या रकान्यात लावली. मग इतरांनीही हात घातले. 'झालं' म्हणून मिरवणाऱ्या बावीस चिठ्ठ्यांपैकी नऊ परत गेल्या, आणि गुणवंतराव आपला भरलेला रकाना विरळ होताना उभ्या उभ्या पाहत राहिले.

नीलाबाईंनी छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली. "आधी सही घ्यायची रीत माझी आहे. चौदा वर्षांची. ती उद्यापासून बंद." मग गुणवंतरावांना म्हणाल्या, "एकच केंद्र सुरू करा. वारलूचं. त्याने सकाळी कपाट उघडून मोजायचं, चिठ्ठी पोचूने आणायची, तोच आकडा पडद्यावर. चिठ्ठी आली नाही तर पडद्यावर शून्य. पंधरा दिवस नीट चाललं तर दुसरं देईन. आणि त्या एका केंद्रात कोणी मेलं, गुणवंतराव, तर मला तोंड दाखवू नका."

त्या गेल्या. कोणालाही हायसे वाटले नाही. बारातले एक केंद्र हाती राहिले होते, आणि दक्षिणेकडे आभाळ दोन दिवसांपासून काळवंडत होते.

गुणवंतराव खुर्चीत बसले. "उद्याच्या उभ्या मिटींगले मी नाई," ते म्हणाले. "मी मुलचेऱ्याची बस धरतो. गोदामातल्या त्या दहा कुप्या नाल्यात पाणी याच्या आधी माह्या हातानं कपाटात ठेवून येतो. अन् पोरी, काल तुह्या आईची तब्येत बरी होती हे मले माहीत होतं. कनीजभाभी बाजारात दिसली होती." ते किंचित हसले. "परत असं लपवून जाऊ नको. मले घेऊन जा."

रुबीनाने घरी जाऊन सारे जसेच्या तसे सांगितले. भाऊंनी चूक आपल्यावर घेतली हे ऐकताच शफीने डोळे मिटले. तिने "नाही" म्हटले हे ऐकून उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर गर्दी होती. गुणवंतराव पायरीवर पाय ठेवत होते, तोच मागून कोणी त्यांचा दंड धरला. शफी होता, चालून आल्यामुळे धापा टाकत. रुबीना त्याच्यामागे उभी होती.

"भाऊ," शफी मोठ्याने म्हणाला, इतक्या मोठ्याने की कंडक्टरने वळून पाहिले, "एक्क्याण्णवच्या परीक्षेची यंत्रं मी उघडली होती. तुम्ही नाई. मी!"

बसमधल्या बायकांना काहीच उमगले नाही. गुणवंतराव पायरीवरून खाली उतरले. सोळा वर्षांत पहिल्यांदा शफीला त्यांच्या डोळ्यांत सरळ पाहता आले.

"मी तेव्हापासून याचीच वाट पाहून राह्यलो होतो रे," ते म्हणाले. "बोलला असता तरी मी माह्यावरच घेतलं असतं. पण बोलाले पाह्यजे होतं."

"आज बोललो."

"ऐकलं. काल तुही पोरगी बोलली, आज तू." त्यांनी शफीचा हात दोन्ही हातांत घेतला. "फिटलं, शफी. पुरं फिटलं."